ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन सांता इनेझ खोऱ्यात आरव्ही: दुपारचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येतायत. ऑरेंज काउंटीतून २५ फुटी क्लास सी आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोटरहोम) भाड्याने घ्यायची आणि मुलालाही घेऊन शुक्रवार ते सोमवार कॅलिफोर्नियातल्या सांता इनेझ खोऱ्यात राहायचं. तुम्हा दोघांना दोन-तीन वाइनरी बघायच्यात, आईचा श्रावण आहे, बाबांचे गुडघे दुखतात. काळज्या दोन. एवढं धूड आपल्याला चालवता येईल का, आणि संडासाच्या टाकीचं काय करायचं?

दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच अंगवळणी पडतील. तुम्ही जे विचारलंच नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. दुपारी एक ते सहा तुम्ही पाच जण कुठे असणार? या खोऱ्यात ट्रिप जमते किंवा फसते ती या पाच तासांवर. म्हणून जागा, वीज, स्वयंपाक, वाइनरी सगळं मी त्या पाच तासांच्या हिशेबाने सांगतो.

आधी खोरं समजून घ्या. कॅलिफोर्नियात बहुतेक डोंगररांगा उत्तर-दक्षिण जातात आणि समुद्राची हवा अडवतात. सांता इनेझच्या दोन्ही बाजूंच्या रांगा मात्र पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे खोऱ्याचं तोंड थेट पॅसिफिककडे उघडतं. लॉम्पोकच्या बाजूने धुकं आणि गार वारा आत शिरतो आणि पूर्वेकडे सरकता सरकता त्याचा जोर संपतो. इथले लोक म्हणतात की आत जाताना दर मैलाला एक अंश फॅरनहाइट वाढतो. फार ताणू नका, पण हिशेब साधारण बरोबर आहे. ऑगस्टच्या एकाच दुपारी लॉम्पोकला ७०-७२ अंश फॅरनहाइट (२१-२२ सेल्सियस) असतं आणि खोऱ्याच्या पूर्व टोकाला नव्वदीच्या पुढे. उष्णतेची लाट आली की शंभरी (३८ सेल्सियस) ओलांडते. रात्री मात्र तेच पूर्व टोक ५५ पर्यंत उतरतं. आई-बाबांना शाली आणायला सांगा, ते हसतील, पण पहाटे पाचला मागतील.

द्राक्षंही या उतरंडीनेच लागली आहेत. पश्चिमेला गार सांता रीटा हिल्समध्ये पिनो न्वार आणि शार्डने, मधे बॅलर्ड कॅन्यनमध्ये सिरा, आणि पूर्वेला तापणाऱ्या हॅपी कॅन्यनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों. म्हणजे वाइनच्या यादीवरूनच तापमानाचा अंदाज येतो. कॅबर्ने आवडत असेल तर टोपी घ्या.

आता मुक्कामाची जागा. तुमच्यासारख्यांपुढे दोन खरे पर्याय असतात. एक ब्यूलटन, जिथे १०१ महामार्गाजवळ फ्लाइंग फ्लॅग्ज हा मोठा आरव्ही रिसॉर्ट आहे. पूर्ण हुकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेवरच, शिवाय पोहण्याचा तलाव. महाग आहे, शेजारी जवळ असतात आणि महामार्गाचा आवाज पूर्ण थांबत नाही. दुसरा काचुमा तलाव. १९५३ साली पूर्ण झालेल्या ब्रॅडबरी धरणाचा हा जलाशय, काठाला काउंटीचं कॅम्पग्राउंड. ओकची जुनी झाडं, हरणं, रात्री तारे. निसर्ग बघायचा तर काचुमाच. पण तिथे ध्यानात ठेवायच्या गोष्टी तीन. पूर्ण हुकअपच्या जागा थोड्या आणि त्या फार आधी जातात. तलाव सांता बार्बराचं पिण्याचं पाणी पुरवतो म्हणून त्यात उतरायला बंदी आहे, मासेमारी आणि नौकाविहार चालतो. आणि तो ब्यूलटनपेक्षा सुमारे १५ मैल आत आहे, म्हणजे वरचा मैलाचा हिशेब लावा.

तुम्हाला मी ब्यूलटन सांगेन. तरुण जोडपं असतं तर काचुमा म्हटलं असतं, विना हुकअपसुद्धा. पण सत्तरीतली माणसं बरोबर असताना रात्रंदिवस खात्रीची वीज हवी आणि आईला वाटेल तेव्हा मोकळेपणाने अंघोळ करता यावी. काचुमाला शनिवारी सकाळी लवकर उठून फिरायला जा, काठावर नाश्ता करा, उन्हं तापायच्या आत परत या. अर्थात काचुमाला पूर्ण हुकअपची आणि पश्चिमेला झाड असलेली जागा मिळाली तर माझं मत बदलेल. बुक करताना नकाशाचं उपग्रहचित्र काढून बघा. झाड जागेच्या कुठल्या बाजूला आहे? पूर्वेचं झाड सकाळी सावली देतं, तेव्हा तिची गरज नसते. पश्चिमेचं किंवा नैऋत्येचं हवं.

विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण भाड्याने देणारे दहा मिनिटांच्या डेमोत हे सांगत नाहीत. २५ फुटी क्लास सीला बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॉट, अख्ख्या आरव्हीला. छतावरचा एसी चालताना १२ ते १५ अँपिअर खातो. मायक्रोवेव्ह १२-१३. गीझर विजेवर लावलात तर आणखी १२. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि गीझर दोन्ही लावलेत की ब्रेकर पडलाच समजा. नियम सोपा: एसी चालू असताना दुसरं एकच मोठं यंत्र. गीझर गॅसवर ठेवा.

पण बहुतेक आरव्ही पार्कमध्ये जागेच्या विजेच्या खांबावर ३० आणि ५० च्या सॉकेटशेजारी घरगुती २० अँपिअरचं एक सॉकेट असतं, त्याला स्वतंत्र ब्रेकर असतो. इंडक्शन शेगडी किंवा इन्स्टंट पॉट बाहेरच्या टेबलावर ठेवून जाड तारेच्या (१२ गेजच्या) एक्स्टेंशनने तिथे लावा. आरव्हीच्या ३० अँपिअरवर ताण येत नाही आणि आत उष्णताही वाढत नाही. एवढी एकच युक्ती घेतलीत तरी ऑगस्टची निम्मी कटकट संपते.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. शनिवारी संध्याकाळी पार्क भरलेला, सगळ्यांचे एसी सुरू, की खांबावरचं व्होल्टेज घसरतं. ते १०५ च्या खाली गेलं की एसीचा काँप्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि आयुष्य कमी करून घेतो. भाड्याच्या गाडीत ईएमएस, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरण आहे का ते विचारा. नसेल तर सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घ्या, फार स्वस्त मिळतो. १०८ दिसलं की मायक्रोवेव्ह राहू दे, १०५ दिसलं की एसी बंद करून पंखा.

एसीची सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची आहे. एसीतून निघणारी हवा आत ओढलेल्या हवेपेक्षा साधारण १६ ते २२ अंश फॅरनहाइटच थंड असते. गाडी बंद ठेवून दोन वाजता परतलात आणि आत १०० झालंय, तर पहिली झुळूक ८० ची. भिंती, गाद्या, कपाटं सगळी तापलेली असतात आणि निवायला संध्याकाळ होते. म्हणून सकाळी साडेनऊ-दहाला, बाहेर अजून छान वाटत असतानाच, एसी लावून खिडक्या मिटा. छताचे व्हेंट आणि न्हाणीवरचं काचेचं झाकण चकचकीत पत्र्यासारख्या इन्सुलेशनने झाका, समोरच्या काचेलाही तसाच पडदा. सूर्य कलला आणि साडेसात-आठला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उलट करा: एसी बंद, खिडक्या उघड्या, छतावरचा पंखा हवा बाहेर फेकणारा. अर्ध्या तासात गाडी निवते, रात्रभर एसीची घरघर लागत नाही.

गाडी कुठल्या तोंडाने लावायची हे बहुतेक वेळा जागाच ठरवते. निवड असेल तर असं पाहा. दार आणि ऑनिंग (बाहेर ताणायचं सावलीचं कापडी छत) उजव्या बाजूला असतात. गाडीचं नाक उत्तरेला केलंत तर उजवी बाजू पूर्वेला येते, दुपारी गाडीचीच सावली बसायच्या जागेवर पडते. मात्र डावी बाजू उन्हात जाते, आणि गॅस-वीज दोन्हींवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या फ्रिजचा उष्णता सोडणारा झरोका बऱ्याच गाड्यांत तिकडेच असतो. हा फ्रिज कडक उन्हात दमतो. गाडी तिरकी उभी असेल तर अजूनच. आदल्या रात्री घरी चालू करून आधीच थंड केलेलं सामान भरा. नवीन गाड्यांत १२ व्होल्टचा काँप्रेसर फ्रिज असतो, त्याला ही नाटकं कमी. आणि ऑनिंग उघडी टाकून कुठेही जाऊ नका. दुपारी पश्चिमेचा वारा ठरल्यासारखा येतो, आणि मोडलेल्या ऑनिंगचं बिल भाड्याइतकं येऊ शकतं.

झोपायची व्यवस्था: ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग आई-बाबांना देऊ नका. शिडी चढणं आलं, शिवाय गरम हवा वरच साचते. मागचा पलंग त्यांचा, वर तुमचा मुलगा. दाराची पायरी गुडघ्यांना उंच पडते, म्हणून रुंद, न घसरणारा पायरी-स्टूल घ्या आणि दाराचा दांडा घट्ट आहे ना ते गाडी ताब्यात घेतानाच हलवून बघा.

स्वयंपाक. पोळ्या सकाळी आठच्या आत. गॅसची शेगडी आत पेटवून दुपारी पोळ्या लाटणं म्हणजे एसीशी भांडण. फोडणीने धुराचा अलार्म वाजणार, वाजू द्या, घाबरून त्याची बॅटरी काढू नका. एक्झॉस्ट आधी चालू करा, नाहीतर फोडणीचं काम बाहेरच्या इंडक्शनवर. आईचा श्रावणी सोमवार परतीच्या दिवशी येतो, तर रविवारी रात्री साबुदाणा भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, सोमवारी खिचडी बाहेर टेबलावर होते. सॉल्व्हँग गाव १९११ साली डॅनिश लोकांनी वसवलं, तिथल्या बेकऱ्या प्रसिद्ध आहेत आणि बाबांना आवडतील. पण जवळजवळ सगळ्यात अंडं असतं, आईसाठी तिथे कॉफी आणि फिरणं एवढंच धरा. पिवळ्या गांधीलमाश्या ऑगस्टमध्ये उघड्या आमरसावर तुटून पडतात, हे जाता जाता.

टाकीचं. ब्लॅक टाकीची, म्हणजे संडासाच्या टाकीची, भीती बाळगू नका. तिला पाणी आवडतं. आपल्याकडची पाणी वापरायची सवय इथे फायद्याचीच आहे, फक्त टाकी लवकर भरते. पूर्ण हुकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि दोन तृतीयांश भरली की एकदम सोडा. उघडा ठेवलात तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. ब्लॅक आधी, मग अंघोळ-भांड्यांच्या साबणाच्या पाण्याची टाकी, म्हणजे नळी धुवून निघते. उन्हात वास येऊ लागला तर टाकीला दोष देण्याआधी न्हाणीच्या मोरीत पेलाभर पाणी ओता. उकाड्यात मोरीखालच्या वाकड्या पाइपमधलं पाणी वाळतं आणि टाकीची हवा आत येते. पिण्याच्या पाण्याची नळी उन्हात पडलेली असते, पहिलं मिनिटभर पाणी सोडून द्या.

आता चालवणं. १०१ ने व्हेंचुरा, सांता बार्बरा, पुढे समुद्राच्या कडेने गाविओटा, तिथून रस्ता आत वळतो, बोगदा लागतो आणि एक चढ-उतार करून ब्यूलटन. याच रस्त्याने जा. जीपीएस सांता बार्बराहून १५४ चा जवळचा रस्ता सुचवेल, तो सॅन मार्कोस खिंडीतून जातो. गाडीने सुंदर, कोल्ड स्प्रिंग कमानी पूल दरीपासून सुमारे ४०० फूट उंच आहे. पहिल्यांदा आरव्ही हाती घेतलेल्याने मात्र परतताना सांता बार्बराच्या बाजूचा तो लांब उतार ब्रेकवर उतरू नये. उतार कुठलाही असो, गिअर खालचा घ्या आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबा, सतत घासत ठेवू नका. निघायच्या आधी सकाळी टायर थंड असताना हवा बघा आणि टायरच्या कडेवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांहून जुना टायर ऑगस्टच्या रस्त्यावर मी घेत नाही, दुसरी गाडी मागतो. नक्षी कितीही खोल दिसली तरी.

माझा खरा सल्ला असा की तुमची नेहमीची गाडीही बरोबर न्या. एकाने आरव्ही चालवायची, दुसऱ्याने आई-बाबांना गाडीत न्यायचं. जोडून ओढायची नाही, वेगळी चालवायची. आई-बाबांना नीट सीट मिळते, हवं तिथे थांबता येतं, चालत्या आरव्हीत कुणी चहा करायला उठत नाही. आणि खोऱ्यात पोचल्यावर आरव्ही एकदा लावली की सोमवारपर्यंत हलवायची नाही. पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण रोज नळ्या-तारा काढणं, सामान बांधणं, सॉल्व्हँगच्या गल्लीत २५ फूट लावायला जागा शोधणं, सगळं वाचतं.

यातच वाइनरीचं उत्तर आहे. बऱ्याच वाइनरींच्या आवारात मोठी गाडी वळत नाही, त्यामुळे आरव्ही नेऊच नका. वेळ सकाळी अकराची घ्या, आधी बुक करून. एका टेस्टिंगला साधारण पाच-सहा वाइन थोड्या थोड्या मिळतात, एका सकाळी दोन ठिकाणं पुरे. चालवणारा थुंकण्याचं भांडं वापरेल किंवा मुळीच घेणार नाही, नाहीतर दिवसभराची व्हॅन ठरवा. खोऱ्यात ॲपवरच्या टॅक्सीवर विसंबू नका. लॉस ऑलिव्होस गावात बऱ्याच टेस्टिंग रूम चालत जाण्याच्या अंतरात आहेत, तुम्हाला ते सोयीचं. आई-बाबा तोवर सावलीत बसतील किंवा सॉल्व्हँगच्या १८०४ सालच्या सांता इनेस मिशनमध्ये (जुन्या स्पॅनिश चर्चच्या आवारात) जातील. आरव्हीतल्या उघड्या बाटलीबद्दल कायदा असा: मागच्या राहण्याच्या भागाला कॅलिफोर्नियात सूट आहे, ड्रायव्हरच्या जागेपाशी नाही. तरी भाड्याचा करार वाचा, तो कायद्यापेक्षा कडक असू शकतो. घेतलेल्या बाटल्या गाडीत ठेवून जेवायला बसू नका. बंद गाडीत दुपारी वाइन उकडते, चव मेलेली घरी कळते. आरव्हीत सगळ्यात गार जागा डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) बाकाखाली, जमिनीलगत.

नाशिकला द्राक्षतोड जानेवारी ते मार्चमध्ये बघितली असेल, इथे ती ऑगस्टअखेर सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि बरीचशी रात्री, दिव्यांच्या उजेडात, फळ गार असताना. मळ्याला लागून मुक्काम असेल तर पहाटे तीनला ट्रॅक्टर ऐकू येईल. हार्वेस्ट होस्ट्स या सदस्यत्वातून काही वाइनरी एक रात्र फुकट थांबू देतात, त्यांच्याकडून काही घ्यावं अशी अपेक्षा असते. पण तिथे सहसा हुकअप नसतो. आई-बाबांबरोबर ऑगस्टमध्ये नको, नोव्हेंबरमध्ये तुम्ही दोघं जा.

मग दुपारी एक ते सहा? एक दिवस जेवण आणि वामकुक्षी, गार आरव्हीत, पडदे ओढून. साडेचारला पोहण्याचा तलाव. दुसऱ्या दिवशी, विशेषतः पारा शंभरीकडे गेला तर, गाडी काढा आणि २४६ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला लॉम्पोकच्या दिशेने जा. वीसेक मैलांत २० अंश उतरतात. तिथे ला पुरिसिमा मिशन आहे, १७८७ साली स्थापन झालेलं आणि १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेलं. मातीच्या जाड भिंती, विहीर, गुरं. साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. बाबा गवंडीकामाबद्दल तुम्हालाच सांगतील.

वणव्याबद्दल. हे खोरं जळतं, ते लपवण्यात अर्थ नाही. जुलै २०१७ मध्ये व्हिटियर आगीने काचुमाच्या परिसरात १५४ बंद झाला होता, जुलै २०२४ मध्ये लेक फायर लॉस ऑलिव्होसच्या डोंगरांत ३८,००० एकरांहून जास्त पसरली. घाबरून ट्रिप रद्द करण्याची गरज नाही. काउंटीच्या आपत्कालीन सूचना फोनवर सुरू करा, शेकोटीला बंदी आहे का ते येण्याआधी बघा, इंधन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पाव टाकीच्या आसपास आलं की बहुतेक मोटरहोमचा जनरेटर आपोआप बंद पडतो, हे दुसरं कारण. आई-बाबांची औषधं, पासपोर्ट आणि प्रवासी विम्याचे कागद एकाच पिशवीत, दाराजवळ. ब्यूलटनहून १०१ ने उत्तर-दक्षिण आणि २४६ ने पूर्व-पश्चिम, चार दिशांना निघता येतं. काचुमाहून १५४ च्या दोनच. ब्यूलटन सुचवण्यामागे हेही होतं.

बाबांनी पार्कमध्ये एक चक्कर मारायला मागितली तर नाही म्हणा. करारात नाव नसलेल्या माणसाने स्टिअरिंग धरलं की विमा संपतो, अगदी पार्कच्या आत, पाच मैलांच्या वेगाने सुद्धा. त्यांना मागे उभं करून गाडी लावताना हाताने दिशा दाखवायचं काम द्या. एकच माणूस इशारे करणार हे आधी ठरवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.